पायी बघायची परभणी

चुलत बहिणीच्या लग्नाला पुण्याचे पाहुणे दोन दिवस आधीच येणार होते. तोवर ते करतील काय, या काळजीनं काकांनी मला सांगितलं, परभणीत काय बघावं ते लिही, ग्रुपवर टाकू, आणि इंग्रजीत लिही. माझ्या इंग्रजी शाळेचा घराला झालेला हा पहिलाच उपयोग. मी चारचौघांत फारशी बोलत नाही, पण लिहायला मला आवडतं. म्हणून मनापासून लिहिलं. कृषी विद्यापीठात सकाळी जा, झाडांखालचे रस्ते रिकामे असतात. वसमत रोडला जाऊ नका, तिथे जे आहे ते तुमच्याकडे जास्त चांगलं मिळतं. स्टेशनबाहेर चहा घ्या. आणि कच्छी बाजार मात्र पायीच फिरा. तिथला अत्तरवाला आधी मनगटाला थेंब लावतो आणि मग भाव सांगतो. रिक्षात बसून हे काही दिसत नाही.

त्यात काय लिहिलंय ते आईला कळलं, तेव्हा ते ग्रुपवर जाऊन सगळ्यांचे लाइक्स आले होते.

पाहुण्यांत नवरदेवाची मावशी होती. तिचा मुलगा लग्नाचा होता. या दोन दिवसांत ती मला बघून घेणार, हे दोन्ही घरांना माहीत होतं, फक्त कुणी तसं म्हणत नव्हतं. आणि माझा डावा पाय जरा आखूड आहे. आठवीत स्कूटीवरून पडले, हाड जुळलं, पण पाय वाढीत मागे राहिला. डाव्या चपलेत जाडसर तळ बसवून घेतलाय. घरातल्या घरात कळत नाही. चालणं वाढलं की कळतं.

संध्याकाळी भाजी निवडता निवडता आई म्हणाली, "पायी फिरा कामून लिहिलंस माय? रिक्षा जाती तितंच ने त्यांना. लय चांगलं स्थळ हाय. आधी जमू दे."

पूर्वी बघायला आलेली माणसं मुलीला सरळ चालून दाखवायला सांगायची. आईनं स्वतः चालून दाखवलं होतं, सुईत दोराही ओवून दाखवला होता. आता शिकलेल्या घरांत असं सांगणं बरं दिसत नाही.

पाहुणे आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मावशी, तिचा मुलगा आणि मी रिक्षातून निघालो. विद्यापीठात मी रिक्षा थेट आत घ्यायला लावली आणि झाडं बसल्या जागेवरून दाखवली. मुलगा म्हणाला, गाडीत कुणीतरी सांगितलं, बनी तो बनी, नहीं तो परभणी. तो हसला. मीही हसले. पाहुण्यांनी हे म्हटलं की आम्ही परभणीकर हसतोच. नोकरीचं, वाचनाचं त्यानं विचारलं, मी नीट उत्तरं दिली. मला तो वाईट वाटला नव्हता. खरं तर हे जमावं असं आईइतकंच मलाही वाटू लागलं होतं.

गांधी पार्कजवळ मावशीनं रिक्षा थांबवली.

"आता कच्छी बाजार. तूच लिहिलंयस ना, पायीच बघा म्हणून?"

ऊन वाढलंय, मी म्हटलं. तिनं छत्री उघडली. "तू पुढे हो. रस्ता तुला माहिती."

मी पुढे झाले. बांगड्यांची दुकानं दाखवायची होती, पण मान वळवली की तोल जातो, म्हणून सरळ बघत चालत राहिले. मागे दोघांचं बोलणं थांबलेलं होतं. अत्तराच्या दुकानापाशी आम्ही पोचलो तेव्हा मावशी तिथल्या बाकावर बसली आणि म्हणाली, समोरून पाण्याची बाटली आणतेस का? मी रस्ता ओलांडून आणली. ती तिनं बाजूला ठेवली आणि याच्यासाठीही एक आण म्हणाली. मी पुन्हा गेले. पहिल्या वेळी मुलगा मोबाईल बघत होता. दुसऱ्या वेळी मोबाईल खिशात होता आणि तो माझ्या पायांकडे बघत होता. मी जवळ आले तसं त्यानं दुकानातल्या बाटल्यांकडे बघायला सुरुवात केली.

"डावा ना गं?" मावशीनं विचारलं. आवाज अगदी मायेचा होता.

"डावा," मी म्हटलं.

"वाटलंच." मग ती अत्तरवाल्याकडे वळली आणि मनगट पुढे केलं. पाणी कुणीच प्यायलं नाही. परतताना तिनं मला रिक्षात आधी चढवलं, दंडाला धरून, म्हाताऱ्यांना चढवतात तसं.

संध्याकाळी हळदीच्या मांडवात तिनं आईला गाठलं. मी मागे पानांचं तबक घेऊन उभी होते, ते तिला दिसत होतं.

"मुलगी गोड आहे हो तुमची. शहर छान दाखवलं. आमच्याकडे कसं, सगळे ट्रेकिंगवाले. पण माझ्या ओळखीत एक आहेत, पहिली मिसेस गेली, एक मुलगा आहे, सातवीत. त्यांची कशाला हरकत नसेल. सांगू का त्यांना?"

आईचा चेहरा मला दिसत नव्हता. ती आता काहीतरी लागेलसं बोलेल, तिला ते चांगलं येतं, म्हणून मी थांबले होते. आईनं शेजारची रिकामी खुर्ची ओढली, पदरानं पुसली आणि मावशीपुढे ठेवली.

"बसा ना ताई," ती म्हणाली. "काय करतेत ते?"