हनीफशेठच्या दस्तरखानावर कोण बसणार?

उमऱ्याच्या ऑफिसात पासपोर्टपेक्षा किस्से लवकर जमतात! डहाणूत हनीफशेठचं ट्रॅव्हल्स, आणि फॉर्म भरायला मी, राऊत. उमऱ्याच्या यात्रेला मक्का-मदिनेला जाणाऱ्यांची कागदपत्रं झाली की उरलेल्या वेळात आम्ही शेठची चेष्टा करतो. माणूस दिलदार, पण दान केलं की गावाला कळलंच पाहिजे.

*

२०१५ साली शेठनी सरावलीच्या शाळेत वह्या वाटल्या. पुढे शेठचा फोटो, मागे उमरा पॅकेजचे दर. महिन्याभराने गुरुजी भेटले. म्हणाले, "शेठ, पोरांना पाढे येत नाहीत, पण तुमचे रेट तोंडपाठ आहेत!"

*

पुढच्या रमजानमध्ये शेठ स्वतः ग्रुप घेऊन गेले. मदिनेहून फोन आला, आवाज चक्क कापरा.

"राऊत, इथे रोजा सोडायच्या वेळी लोक हाताला धरून आपल्या दस्तरखानावर बसवतात. लांबच लांब चादर, तिच्यावर जेवण. या म्हणून विनवण्या करतात रे! एकाला नाव विचारलं, तर तो दुसरा पाहुणा आणायला पळाला!"

"फोटो काढलात?"

"काढू दिला नाही ना!"

*

परत आल्यावर शेठ बदललेच. नव्या वह्यांची कव्हरं एकदम कोरी. गुरुजींचा काळजीने फोन, "शेठ, धंदा बरा आहे ना?"

*

त्याच्या पुढच्या रमजानमध्ये शेठनी कासाच्या दवाखान्याबाहेर दस्तरखान अंथरला. पुलाव, खजूर, चिकू. पेशंटच्या नातेवाइकांना स्वतः हात जोडत होते, "मावशी, चला ना, माझ्यासाठी!" मावशी मागे सरकली. एकाने मला बाजूला घेऊन विचारलं, "इलेक्शन कुठलं आहे हो?"

रोजा सुटायला पाच मिनिटं उरली, आणि चादरीवर शेठ एकटेच. वर्षभर याच संध्याकाळची स्वप्नं पाहिली होती बिचाऱ्यांनी. डोळ्यांत पाणी आलं होतं. मला फार वाईट वाटलं, पण मी बसून काय उपयोग, मी तर पगारी!

तेवढ्यात एक वारली आजी आली. तिची मुलगी आत बाळंतपणाला. तिने ताटं पाहिली, शेठना पाहिलं.

"एकलाच जेवतंस रं बाबा? घरचा कोणी नाय?"

शेठनी तिच्यापुढे ताट सरकवलं.

आजी व्हरांड्याकडे वळून ओरडली, "या रं सगली! बिचारा एकला हाय, त्याला सोबत करा!"

रोजा सुटायची वेळ झाली तेव्हा हनीफशेठ हातात खजूर घेऊन उभे होते. बसायला जागाच नव्हती!