चौऱ्याहत्तर नावांचं एकच रक्त

उमरग्यात हायवेच्या कडेला आमच्या संस्थेची लॅब आहे. खाली ट्रकच्या टायरचं दुकान, वर आम्ही. मी तिथं स्टोअर सांभाळतो. काचा, सुया, रंगाच्या बाटल्या माझ्या ताब्यात असतात. दैवशालाबाई तिथल्या सगळ्यात जुन्या टेक्निशियन. त्यांच्या तोंडून माणसाबद्दल चांगला शब्द मी अकरा वर्षांत दोनदा ऐकला, आणि त्यातला एक माणूस तेव्हा मेलेला होता.

त्या मूळच्या भूम तालुक्यातल्या ईटच्या. वडील आबाराव मेंढरं राखायचे. मुलगी बारावीला विज्ञानात पास झाली तेव्हा त्यांनी सहा मेंढ्या विकून तिला लॅबचं शिकायला लातूरला पाठवलं. पुढं लग्न होऊन त्या उमरग्याला आल्या. मायक्रोस्कोपसमोरच्या लोखंडी स्टुलावर बसल्या, त्याला आता सव्वीस वर्षं झाली. कुणी कौतुकानं म्हणालं, "आबा मेंढरं ओळखायचे तशा तुम्ही स्लाईडी ओळखता," तर त्या फटकारत, "मेंढ्यांना तोंड असतं. डोकं वापरून बोलत जा."

काम हिवतापाचं. संस्थेची माणसं गावोगाव, वस्त्यांवर फिरतात. ताप आलेल्या माणसाच्या बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त काचेवर पसरतात. ती काच म्हणजे स्लाईड. ती लॅबला आली की रंगवायची आणि भिंगाखाली बघायची. पूर्वी फिरणाऱ्या प्रत्येकानं जमवलेल्या स्लाईडी वर्तमानपत्रात गुंडाळून एकत्र यायच्या. बाई तो पुडा सोडायच्या, सगळ्या काचा टेबलावर मांडायच्या आणि बघायच्या आधीच बोलायला लागायच्या. "ह्यानं पुन्हा चिखल फासलाय." "हा अंगठा उठवल्याशिवाय काच देतच न्हाय." प्रत्येकाचा हात त्यांना ठाऊक होता, आणि एकाही हाताबद्दल त्यांचं मत बरं नव्हतं.

मग मशीन आलं.

आमचे संचालक गौरीशंकर सर हैदराबादला एका प्रदर्शनाला गेले होते, तिथं ते त्याच्या प्रेमात पडले. आता वस्तीवरच स्लाईडवर कोड छापलेलं स्टिकर लावायचं, मोबाईलवर माणसाचं नाव भरायचं. लॅबमध्ये मशीनचा हात एकेक काच उचलणार, कॅमेरा कोड वाचणार, गावाप्रमाणे काच त्या त्या खोक्यात जाणार. निम्मी खोकी बाईंच्या टेबलावर, निम्मी दुसऱ्या टेक्निशियनच्या, वैजनाथच्या. बघून झालं की मशीनच काचा गोळा करून कपाटात लावून ठेवणार.

उद्घाटनाला सरांनी मशीनला झेंडूचा हार घातला. नारळ फोडला, फोटो झाले, सरांनी बटण दाबलं. मशीननं तीन काचा उचलल्या आणि ते बंद पडलं. हाराची पाकळी पट्ट्यात अडकली होती. इंजिनिअर तासभर चिमट्यानं पाकळ्या काढत बसला. तोवर सर पाहुण्यांना सांगत होते, की आता माणसाच्या चुकीला जागाच उरली नाही.

"माणसाची चूक त्याच्या गळ्यातच घातलीय," बाई माझ्या कानात म्हणाल्या. अर्थात माझ्या कानात म्हणजे दुसऱ्या रांगेपर्यंत.

वैजनाथबद्दल एवढंच सांगतो, की मशीन आल्याचा खरा आनंद त्यालाच झाला. त्याच्या खोक्यातली स्लाईड भिंगाखाली किती वेळ असायची हे त्याला आणि भिंगालाच माहीत. हिवताप आता वर्षाला एखाद-दुसऱ्याला निघतो. म्हणून तो चहा पितापिता "निगेटिव्ह" लिहीत जायचा आणि त्याचा अंदाज जवळजवळ नेहमी बरोबर ठरायचा. अशा माणसाला कोण पकडणार?

गेल्या सप्टेंबरात एका सोमवारी बाई भिंगावरून उठल्या आणि मला म्हणाल्या, "महारुद्र, रंगाची नवी बाटली दे. ही खराब झालीय."

नवी बाटली दिली. त्यांनी ती काच परत रंगवून बघितली, मग दुसरी, मग तिसरी. बाटलीचा दोष नव्हता. बाईंनी मला भिंगातून बघायला लावलं. मला जांभळे ठिपके दिसले, आठवडी बाजारासारखी गर्दी.

"ह्या पांढऱ्या पेशी," त्या म्हणाल्या. "चांगल्या माणसाच्या रक्तात इथं एखादी दिसली तर दिसती. हिथं बघ, कच्च्या, पिकल्या, सगळ्या एकदमच बाहेर पडल्यात. हा रक्ताचा कर्करोग हाय."

"अरे बापरे. कुणाचा?"

"तेच तर. ही बावीस वर्षांची बाई. हा नऊ वर्षांचा पोरगा. ही म्हातारी, सत्तरची. तीन वेगळ्या वस्त्या, तीन वेगळी खोकी. सव्वीस वर्षांत असलं रक्त मी चारदा बघितलं. आज सकाळपासून तीनदा."

बुधवारी आणखी दोन निघाल्या. तोवर त्यांनी कोडवरून शोधलं होतं, की पाचही काचा एकाच माणसानं आणल्यात. रणधीर, जळकोटकडच्या वस्त्या करणारा. चौतिशीचा, नऊ वर्षं कामावर, बाईंच्या भाषेत "त्यातल्या त्यात कमी नालायक".

जुन्या पद्धतीत रणधीरचा पुडा सोडल्या क्षणी त्यांना हे कळलं असतं. मशीननं त्या काचा गावागावाच्या खोक्यांत पांगवल्या होत्या, निम्म्या वैजनाथच्या चहाशेजारी गेल्या होत्या. बाई मशीनसमोर उभ्या राहून त्याला जे बोलल्या ते इथं लिहिता येत नाही. मग त्यांनी इंजिनिअरला हैदराबादला फोन लावला.

"ह्याला गावाचं सोडून माणसाप्रमाणं काचा काढायला सांगता येतं का?"

येत होतं. जमा करणाऱ्याचा कोड टाकायचा, तारखा टाकायच्या, की झालं. बाईंनी जूनपासूनचं सगळं मागितलं. मशीनचा हात कपाटात गेला. चाळीस मिनिटांत रणधीरच्या दोनशे बारा काचा तारखेप्रमाणं ओळीनं टेबलावर आल्या. मला त्या गोळा करायला दोन दिवस लागले असते, आणि चारदोन फुटल्या असत्या ते वेगळंच.

"कामाचं हाय मेलं," बाई म्हणाल्या. मशीनला मिळालेलं हे एकमेव प्रशस्तिपत्र.

दोन दिवस त्या स्टुलावरून उठल्या नाहीत. जूनमधलं रक्त खरोखर वेगवेगळ्या माणसांचं होतं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापासून मधूनमधून ते एकच रक्त सुरू झालं. आधी आठवड्याला एक, मग तीन, मग बहुतेक सगळंच. आणि पुढच्या पुढच्या काचेत पांढऱ्या पेशी वाढत गेल्या होत्या. सुरुवातीच्या काचांत त्या थोड्याच जास्त होत्या, एकेकटी काच बघितली तर साध्या तापाच्याच वाटाव्यात अशा. नावं बदलत होती, वय बदलत होतं, पण आजार एकाच अंगात पायरीपायरीनं चढत होता. एकूण चौऱ्याहत्तर काचा.

"स्वतःचंच बोट टोचत बसलाय हरामखोर," बाई म्हणाल्या. बोलताना त्या चष्मा पुसत होत्या, आणि चष्मा स्वच्छ होता.

त्या सरांकडे गेल्या, मलाही नेलं. सरांनी आधी एकच विचारलं, "मशीननं काही चूक केली का?"

"न्हाय, सर. कोड बरोबर वाचले. चौऱ्याहत्तर नावं हायत, माणूस एकच हाय."

"मग लॅबचा दोष नाही." सरांना हायसं वाटलं. "असं करा, पुढच्या महिन्यात बाहेरची समिती मशीन बघायला येते आहे. ती जाऊ द्या, मग बघू. जुलै-ऑगस्टचा रिपोर्ट गेलेला आहे. आता हे उकरलं तर..."

"त्याला महिना मिळंल न मिळंल, सर."

"बाई, तुम्ही डॉक्टर आहात का?"

बाहेर येऊन त्यांनी दुसऱ्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहिला. कारणाच्या जागी लिहिलं, "घरगुती".

सकाळी माझ्या मोटारसायकलवर मागं बसून त्या जळकोटला निघाल्या. रस्ताभर मला गाडी कशी चालवू नये ते सांगत होत्या. रणधीरचं घर गावाबाहेरच्या वस्तीवर. तो अंगणात बाजेवर पडला होता. आम्हाला बघून उठला, आणि उठायला त्याला वेळ लागला. गालफडं आत गेली होती. त्याची बायको करिश्मा पाणी घेऊन आली. शेजारच्या ओट्यावर एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती.

बाईंनी पिशवीतून कागद काढला. "रणधीर, ह्या चौऱ्याहत्तर स्लाईडी कुणाच्या रक्ताच्या हायत?"

"लोकांच्या, बाई. नावं हायत की वर."

"खरं सांग."

"आईशप्पत, बाई. घरोघर फिरून काढल्यात. उन्हातानात."

"बरं. मग मी असं लिहिते, की ह्या चौऱ्याहत्तर माणसांना रक्ताचा कर्करोग झालाय. उद्या तुझ्या वस्तीवर गाड्या येतील, घरोघर जातील." त्या मोठ्यानं वाचू लागल्या. "पहिलं नाव. विठाबाई, वय सत्तर."

ओट्यावरच्या म्हातारीनं मान वर केली. "मला कुणी हाक मारली?"

"आजी, ह्यानं तुमच्या बोटाला कधी सुई टोचली?"

"मला? न्हाय बाई. मला कशाला टोचंल? मला ताप न्हाय न काय न्हाय." विठाबाईनं दहाही बोटं पुढं करून दाखवली. "ह्योच दिसभर पडून ऱ्हातुया. बायकू एकटी राबती."

रणधीर खाली बसला. त्याच्या डाव्या हाताची बोटं बाईंनी धरून उलटी केली. टोकांना टोचल्याचे काळे ठिपके होते, एका बोटावर तर सात-आठ.

"चालवत न्हाय, बाई," तो म्हणाला. "आखाडापासनं अंगात जोरच न्हाय. वस्तीच्या चढावर दम लागतो. महिन्याच्या स्लाईडी भरल्या न्हाय तर काढून टाकत्यात. चार घरं करायचो, बाकीच्या झाडाखाली बसून..."

"थकवा आला तर रजा घेत्यात," बाई कडाडल्या. "नऊ वर्षाच्या पोराचं नाव आपल्या रक्ताला लावत न्हायत. त्या पोराला खरंच हिवताप असता तर? आम्ही त्याला निगेटिव्ह म्हणून मोकळे झालो असतो!"

तो रडायला लागला. बाईंनी त्याला रडू दिलं नाही. पिशवीतून नवी काच आणि सुई काढली, त्याचं बोट पुसलं, टोचलं, थेंब पसरला आणि काचेवर पेन्सिलीनं त्याचं स्वतःचं नाव लिहिलं. जुलैनंतर त्याच्या रक्ताला त्याचं नाव पहिल्यांदाच मिळत होतं.

"जेवण जातं का?" त्यांनी करिश्माला विचारलं.

"न्हाय हो. दोन घासातच पोट गच्च झालं म्हणत्यात. डाव्या अंगाला जड वाटतं म्हणत्यात. कापडं ढिली झाल्यात सगळी."

मग बाईंनी सांगितलं. त्यांना हळू आवाजात बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं. आपण डॉक्टर नाही, हे रक्त मोठ्या ठिकाणी तपासायला हवं, पण वाट बघू नये. ह्या आजाराच्या एका जातीला रोजची गोळी असते, ती घेऊन माणसं वर्षानुवर्षं जगतात. उद्या सकाळच्या गाडीनं सोलापूर गाठायचं. तिथं कुठं जायचं, कुणाला भेटायचं, हे त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं.

रणधीरनं डोळे पुसले. "आन नोकरी, बाई?"

"जाणार."

"तुमी सांगू नका ना. गोळ्या घेतो मी. पुन्हा न्हाय करणार."

"मी लिहून देणार हाय. चौऱ्याहत्तर माणसांचं रक्त पुन्हा काढावं लागंल, ते काय गुपचूप काढू?"

त्यानं त्यांच्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती कर्करोगाचं ऐकून जेवढी भ्याली होती त्याहून जास्त आता संतापली होती. माणूस असा का असतो, मला कळत नाही.

पुढं बाईंनी अंदाज केला होता तसंच निघालं. सोलापूरला निदान झालं आणि गोळी सुरू झाली. बाईंचा लेखी अर्ज सरांनी नाइलाजानं घेतला. रणधीरला काढलं. वैजनाथला समज देण्यात आली, म्हणजे सरांनी त्याला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. चौऱ्याहत्तर माणसांचं रक्त पुन्हा काढायचा हुकूम निघाला, पण त्या वस्त्या करायला कुणी तयार होईना. शेवटी बाई स्वतः सहा रविवार गेल्या. चालून पाय सुजले, शिव्या मलाच खाव्या लागल्या. त्यात एका ऊसतोड मजुराच्या रक्तात हिवताप निघाला, त्याला वेळेवर औषध मिळालं.

समिती आली तेव्हा सरांनी तिला पडद्यावर दाखवलं, की आमच्या यंत्रणेनं कोडच्या साहाय्यानं कर्करोगाचा रुग्ण सुरुवातीलाच कसा शोधला. टाळ्या झाल्या. पेपरात फोटो आला, मशीन आणि त्याच्या शेजारी सर. बाईंच्या नावाचा उल्लेख नव्हता. मी चिडून तो पेपर त्यांच्यापुढं टाकला. त्यांनी फोटो बघितला आणि म्हणाल्या, "सरांचं पोट सुटलंय."

रणधीर आता बायकोच्या भावाच्या किराणा दुकानात बसतो. बाईंनी आपल्या पोटावर पाय दिला असं तो गावभर सांगतो. महिन्याला गोळ्या आणायला सोलापूरला जातो, तेव्हा उमरग्याचं कुणी भेटलं तर त्यालाही सांगतो. मी एकदा बाईंना म्हणालो, की एवढं करून हा माणूस तुम्हालाच नावं ठेवतोय.

"ठेवू दे की," त्या म्हणाल्या. "नावं ठेवायला अंगात जोर लागतो."

परवा नळदुर्गच्या स्टँडवर तो आम्हाला दिसला. आम्ही एका तपासणीच्या कामाला चाललो होतो. त्यानं बाईंना ओळखलं आणि तोंड फिरवून रसवंतीत शिरला. बाईंनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत नीट न्याहाळलं, काच भिंगाखाली धरतात तसं.

"अंग धरलंय," त्या म्हणाल्या. "चल, गाडी लागली. आन आता तरी खिडकीची जागा पकड, दरवेळी उभं करतोस मला."