तापली की बंद

लखनौला बदली झाल्यावर ह्यांनी एक जुनी मोटारसायकल घेतली. थंडीतसुद्धा ती तापली की उभ्या उभ्या बंद पडायची. म्हणून महानगर भागातल्या माझ्या शाळेपाशी हे कधी थांबलेच नाहीत. रेस देत देतच म्हणायचे, “चल उतर, जल्दी!” माझं बोलणं रोज अर्ध्यावर राहायचं. प्लग बदलला, कार्बोरेटर कितीदा साफ केला. मी चिडून म्हणायचे, “भंगारात घाला ती!”

हे गेल्यावर तेराव्याला धाकटे दीर आले. त्यांनी इंजिनातल्या व्हॉल्व्हजवळची टॅपेटची फट जराशी वाढवली, मलिहाबादपर्यंत चक्कर मारली आणि गाडी माझ्यासमोर उभी केली.

“वहिनी, ऐका. तापलीय, तरी बंद पडत नाही.”

खरंच, इंजिन शांतपणे चालत राहिलं.

“बंद करा ती, भाऊजी,” मी ओरडले. “आता थांबून काय उपयोग?”