सोयर फिटल्यावर

"थांब गो! आत नको येव. आज सोयर फिटलं."

गावच्या खोतांची बायको मागीलदारी आडवी उभी राहिली. माझ्या हातात कापूस-औषधाचा डबा. आत, जिची सुटका मी केली ती तिची सून, मांडीवर पोर. आदल्या दिवसापर्यंत मी रोज ह्याच दारानं आत जात होते. जन्माचं सोयर असेपर्यंत घरच विटाळलेलं, तेव्हा माझा हात चालतो. अकराव्या दिवशी घर शुद्ध झालं आणि विटाळलेली तेवढी मी उरले. आमच्या वाडीनं बुद्धाचा धर्म घेऊन कैक वर्षं झाली होती. खोतांच्या लेखी आम्ही होतो तेच.

ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. राजापूरच्या आतल्या अंगाला एका उपकेंद्रावर मी सरकारी नर्स होते.

पोराची बेंबी आदल्या दिवशी ओली होती, भोवती लाल. मी म्हटलं, "बाई, एकदा बघू द्या. चिघळली तर पोर हातचं जाईल."

"हळद लावलीय. तू खळ्यात बस."

अंगणात बसले. माझ्याबरोबर आलेल्या मुंबईच्या संशोधक बाई मात्र पुढच्या दारानं आत गेल्या. बाळंतिणींचे आणि नर्सचे अनुभव टेपवर घ्यायचे, त्यांचा अभ्यास करायचा, हे त्यांचं काम. त्यांना घरं दाखवायचं काम माझं. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. प्रश्न सुनेला, उत्तर सासूचं.

"नर्स कशी वाटली?"

"गुणाची हाय पोरगी. हात हलका तिचा."

बाई म्हणाल्या, "छान!" मग आत चहा झाला. मला कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी उपकेंद्रात माझी पाळी आली. "मोकळेपणी बोला," बाई म्हणाल्या. "आम्हांला आकडे नकोत, माणसाचा अनुभव हवा." माझा विश्वास बसला. साचलेलं सगळं बाहेर आलं. सोयर, मागीलदार, खळं. बोलता बोलता खट्ट आवाज झाला. बाईंनी टेप थांबवली होती.

"हे नको. हा समाजाचा प्रश्न झाला. आपला विषय नर्सिंग. आणि त्या घरानं किती सहकार्य केलं आपल्याला!"

अंगाची लाही लाही झाली. खोतीण निदान तोंडावर बोलली. ह्या शिकलेल्या बाईनं मला समोर खुर्ची देऊन बाहेर बसवलं.

"पोराची बेंबी बघायला नर्सला आत सोडत नाहीत, हे नर्सिंग नाही तर काय?" माझा आवाज चढला. "तेवढंच गाळणार असाल तर माझं सगळं पुसा. उद्यापासून घरंही तुम्हीच शोधा."

"तुम्ही भावनेच्या भरात बोलताय."

"होय. पुसा."

त्यांनी पुसलं. सकाळच्या एस.टी.नं गेल्या. मागाहून मला वरून ठपका आला, सहकार्य केलं नाही म्हणून.

त्याच आठवड्यात पोराला ताप भरला. खोतांचा गडी धावत आला. मी गेले, पुढच्या दारानं. खोतीण बाजूला झाली. अडला हरी, गाढव कोण ते सांगायला नको. पोर रत्नागिरीला नेलं, वाचलं. मेलं असतं तर नर्सचा हात वाईट म्हणायला तीच पहिली असती.

अडल्या बाईला मी आजही नाही म्हणत नाही. पण मागीलदारानं जात नाही. बेंबी सुकेपर्यंत पोराला सोडत नाही, घर शुद्ध असो की विटाळलेलं. आणि कुणी अनुभव विचारला की सोयरापासूनच सुरू करते. ऐकायचं तर सगळं ऐका. नाहीतर टेप घेऊन माझ्या दारात येऊ नका.