बंद केलं का ते?

माझा धाकटा भाऊ गेल्यावर काही महिन्यांनी, हरभरा काढणीच्या सुमाराला, बाबांचा दुकानावर फोन आला. देऊळगाव राजाला माझं बी-बियाणं अन् औषधांचं दुकान आहे. समोर गिऱ्हाईक उभं होतं. बाबा म्हणाले, "उद्या संभाजीनगरले जायचं हाय. गाडी पाहाले."

"कोणती गाडी?"

"लहान्याची होती तेच. पण खरी."

मी हो म्हणालो. त्या दिवसांत मी सगळ्यालाच हो म्हणत होतो. आई म्हणाली जेव, तर जेवायचो. बायको म्हणाली झोपा, तर आडवा व्हायचो. एरवी मी तोंडाळ माणूस, गिऱ्हाइकानं अर्धी बाटली परत आणली तरी भांडण काढणारा. पण धाकट्याला जाळून आलो तेव्हापासून आत कुठे काही हलतच नव्हतं. लोक भेटायला येऊन रडायचे आणि मी त्यांना पाण्याचा तांब्या पुढे करायचो.

'खरी' म्हणजे काय, ते सांगायला पाहिजे. धाकट्याचा नागपूरला सोलर पंपांचा धंदा होता. बरा चालला होता, लग्नाचं आम्ही पाहत होतो. त्यानं एका जर्मन कंपनीची गाडी घेतली. बाहेरून रुबाब पुरा. समोर काळी जाळी, रुंद चाकं, आणि मागच्या बाजूला त्या कंपनीच्या शर्यतीच्या गाड्यांवर असतं ते अक्षर. आत मात्र साधंच इंजिन आणि साधेच ब्रेक. त्याला हे माहीत होतं. मला म्हणालाही होता, "दादा, अक्षर हाय, इंजिन नाही. पण गावात कोण बॉनेट उघडून पाहून राह्यलं?" आणि हसला होता. अंगात तेवढा चावटपणा होताच त्याच्या.

पोळ्याला बैल सजवायला तो पहाटे नागपुराहून निघाला. महामार्गावर आमचा फाटा यायच्या थोडं आधी पुढच्या ट्रकवर मागून जाऊन आदळला.

त्यानंतर बाबा मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ पाहायला लागले. खाटेवर बसून, चष्मा कपाळावर चढवून, आवाज मोठा करून. आईला वाटलं, जीव रमतोय तर रमू दे. हळूहळू त्यांना कळलं की एकाच नावाच्या दोन गाड्या असतात, एक साधी आणि एक जोरातली. जोरातलीचं इंजिन वेगळं, आणि ब्रेकच्या चकत्या थेट परातीएवढ्या. तेव्हापासून बाबांचा एकच प्रश्न. जेवताना, बांधावर, कुणी भेटायला आलं तरी. "खरी असती तर थांबली असती का?"

आमच्या बाबांनी जन्मभर शंकरपटाचे, म्हणजे शर्यतीचे, बैल पाळले. मधे पट बंद झाले तेव्हा जोडी विकली, पण नजर गेली नाही. मला म्हणाले, "वखराचा बैल अन् पटाचा बैल रंगानं, शिंगानं सारखाच दिसते. फरक कुठं कळते? पट संपते तिथं. पळते तर कोणीही. छकडी कासऱ्यावर किती लवकर थांबते, ते पाहाव." मग उपरण्यानं तोंड पुसून म्हणाले, "त्याले वखराचा बैल देल्ला त्यायनं. पटाचा म्हणून."

मी हो म्हणालो. कारण मला जे माहीत होतं ते बाबांना माहीत नव्हतं, आणि मरेपर्यंत होऊ नये असं मी ठरवलं होतं.

अपघाताच्या आधी धाकट्यानं एका ट्रकला ओव्हरटेक केलं होतं. मागे राहिलेला तो ट्रकवाला मला पोलीस ठाण्यात भेटला. सरदारजी होता, बिचारा थांबून राहिला होता. म्हणाला, "भाईसाब, लाल बत्ती जली ही नहीं." ब्रेकवर पाय गेलाच नव्हता. झोप लागली होती. मग चकती परातीएवढी असली काय आणि बशीएवढी असली काय.

पण गोष्ट तिथं संपत नव्हती. त्या गाडीत, आणि आता माझ्या देशी गाडीतही, एक सोय असते. पुढे काही आडवं आलं की गाडी आधी टुंगटुंग वाजते, आणि तुम्ही काहीच केलं नाही तर आपणहून ब्रेक मारते. परदेशात ठीक आहे. आमच्या रस्त्यावर म्हशी, आडव्या येणाऱ्या मोटारसायकली, कडब्याच्या बैलगाड्या. ती सारखी वाजायची. एकदा बाजाराच्या दिवशी गाडीनं स्वतःच असा ब्रेक मारला की बाबांच्या हातातली प्रसादाची पिशवी काचेवर जाऊन आदळली. बाबा पिसाळले. "बंद कर बे ते, डोकं उठवून राह्यलं." धाकट्यानं बटण दाबून बंद केलं. गाडी नव्यानं सुरू केली की ते पुन्हा चालू व्हायचं, म्हणून आमच्या घरात रिवाजच पडला. किल्ली, मग ते बटण, मग पट्टा. बाबा पुढच्या सीटवर बसले की आधी विचारायचे, "बंद केलं का ते?" धाकटा म्हणायचा, "हाव बाबा." माझ्याही गाडीत तेच. नंतर नंतर विचारावं लागत नसे, हात आपोआप जायचा. धाकट्याचाही जात असणार, एकटा असला तरी.

बाबांनी ते वाजणं फक्त कटकट म्हणून ओळखलं होतं. ते कशासाठी असतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं. म्हणून त्यांचं डोकं चकत्यांमध्ये अडकलंय याचं मला बरंच वाटत होतं. तिथं दोष कंपनीचा होता, अक्षराचा होता. आणि त्यांना संशय येऊ नये म्हणून धाकटा गेल्यावरही मी बाबांच्या देखत ते बटण दाबत राहिलो. रोज. एकटा असलो की चालू ठेवायचो.

दुसऱ्या दिवशी निघालो तेव्हाही दाबलं. बाबा महामार्गानं जायला तयार नव्हते, म्हणून जालन्याच्या जुन्या रस्त्यानं गेलो.

शोरूममध्ये इतकं थंड होतं की बाबांनी उपरणं गळ्याभोवती गुंडाळून घेतलं. सेल्समन परभणीकडचा होता, बोलायला गोड. धोतर-टोपीतला माणूस पाहून त्यानं नाक मुरडलं नाही. आमच्या भागात महामार्गात जमिनी जाऊन मोबदला आल्यापासून त्यांना सवय झाली असावी. त्यानं दोन्ही गाड्या शेजारी शेजारी दाखवल्या. बाबा दोन्हींभोवती फिरले, वाकून खाली पाहिलं, हात मागे बांधलेले.

"यात अन् यात काय फरक?"

तो सांगत गेला. हिचं इंजिन ताकदीचं, ते तापू नये म्हणून समोर हवेला जास्त वाटा, स्प्रिंगा कडक, टायर चिकट रबराचे, म्हणून लवकर झिजतात. साध्या गाडीवर नुसती सजावट घेता येते, तीही पुष्कळ लोक घेतात. खरी ओळखायची तर चाकाच्या आत पाहा, काकाजी. बाबांनी पाहिलं. चाकाच्या काड्यांमागे ती भली मोठी चकती दिसत होती.

"पायाले नरम असंन हे," बाबा म्हणाले. टायर रुंद म्हणजे आत बसणाऱ्याला आराम, असा त्यांचा अंदाज.

"उलट, काकाजी. खड्डा सगळा कंबरेला कळतो."

बाबांना ते पटलं नाही, पण मान हलवली.

मग चक्कर मारायला गेलो. शहराबाहेर कारखान्यांच्या बाजूला मोकळा सरळ रस्ता आहे, तिथं सेल्समननं गाडी दामटली. मी मागे बसलो होतो. पाठ सीटमध्ये रुतली. एरवी मी शिवी हासडली असती. तेव्हा नुसता खिडकीतून पाहत राहिलो, गोदामं मागे जात होती.

"थांबव," बाबा म्हणाले.

त्यानं ब्रेक दाबला. पट्टे छातीत रुतले आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. बाबांनी मान वळवून मागे किती रस्ता गेला ते पाहिलं.

"पुन्हा."

त्यानं पुन्हा केलं. मग पुन्हा एकदा. शेवटी त्या भल्या माणसाला कळेना की या म्हाताऱ्याला हवंय तरी काय. त्यानं आरशात माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली.

शोरूमच्या दारात उतरल्या उतरल्या बाबा पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले. मला कळायच्या आत त्यांनी काड्यांमधून हात घातला आणि तळहात त्या चकतीवर ठेवला. पळून आलेल्या बैलाच्या पायाला हात लावून ऊब पाहायची त्यांची जुनी सवय. कुठला पाय जास्त तापला, बैल कुठं जोर खातो, ते त्यावरून त्यांना कळायचं. लोखंड ताजं तापलेलं होतं. कातडी जळाल्याचा वास मला आला. बाबा ओरडले नाहीत. हात काढून घेतला आणि त्याच्याकडे पाहत राहिले, जणू दुसऱ्याचाच हात आहे.

मग एकच धावपळ झाली. आत नेलं, गार पाण्याचं भांडं आणलं, मलम आणलं. बाबा सोफ्यावर बसून हात पाण्यात बुडवून होते. सेल्समन समोर बसला, अगदी ओशाळून. बाबाच त्याला म्हणाले, "तुह्यी काई चूक नाही." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "अन् पाय ब्रेकावर गेलाच नाही तर?"

मी उठलो. "चाला बाबा, हात डॉक्टरले दाखवू."

"बस तू."

सेल्समनचा चेहरा खुलला. हात भाजल्याचा विषय मागे पडला याचा त्याला आनंद झाला असेल. "त्याची काळजीच नको, काकाजी. ड्रायव्हरचं लक्ष नसलं, डुलकी लागली, तरी गाडी स्वतः थांबते. निदान वेग तरी पुष्कळ कमी करते. माणूस वाचतो."

"फक्त यातच?"

"नाही, नाही. साध्या गाडीतही असतं. आता तर आपल्या देशी गाड्यांतही येतं."

"लहान्याच्या गाडीत होतं का?" बाबांनी हे मला विचारलं.

"नव्हतं," मी म्हणालो.

सेल्समननं माझ्याकडे पाहिलं. कोणती गाडी, कोणत्या साली घेतली, असं विचारायला त्याचं तोंड उघडलं होतं, ते त्यानं मिटलं. मला तेव्हा त्याचे पाय धरावेसे वाटले.

बाबा पाण्यातल्या हाताकडे पाहत होते. "थांबायच्या आधी काही सांगते का ते? का एकदमच?"

"आधी वाजतं," तो खाली मान घालून म्हणाला.

"कसं वाजते?"

त्यानं मलमाचं झाकण लावलं. बाबांनी पुन्हा विचारलं, अगदी शांतपणे, "सांग ना बापा, कसं वाजते?" तेव्हा त्या टाय घातलेल्या माणसानं तोंडानं आवाज काढून दाखवला. टुंगटुंगटुंग.

"हं," बाबा म्हणाले.

गाडी घ्यायची की नाही, हा विषय पुन्हा निघाला नाही. डॉक्टरकडे हाताला पट्टी बांधून घेतली. नको नको म्हणत असताना मी त्यांना रसवंतीवर बसवून उसाचा रस पाजला. अर्धा ग्लास तसाच ठेवला त्यांनी. उन्हं कलली होती. गाडीत बसलो. मी किल्ली फिरवली, आणि सवयीनं, इतक्या महिन्यांच्या नाटकाच्या सवयीनं, माझा हात त्या बटणाकडे गेला.

बाबांनी पट्टी बांधलेल्या हातानं माझं मनगट धरलं.

"राहू दे."

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. हात मागे घेतला, पट्टा लावला, गाडी काढली.  जालन्याच्या पुढे रस्ता आमचा झाला. एक मोटारसायकल आडवी आली आणि ते वाजलं. मग शेळ्या आल्या, वाजलं. ट्रॅक्टर, कडब्याची बैलगाडी, रस्त्याच्या मधोमध उभी राहिलेली म्हैस. दर वेळी ते वाजायचं, आणि दर वेळी बाबांचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर दाबला जायचा, तिथं ब्रेक नसताना. एका ठिकाणी गाडीनं आपणहून कचकन ब्रेक मारला. आम्ही दोघं पुढे झुकलो आणि परत मागे टेकलो.

देऊळगाव राजाचे दिवे दिसायला लागले तेव्हा मला ते सहन होईना. छातीत काहीतरी वर येत होतं, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मी म्हणालो, "बाबा, बंद करू का आता? गाव आलं."

बाबांचा पाय अजून पत्र्यावर दाबलेला होता.

"वाजू दे," ते म्हणाले. "मी कधी वाजूच देल्लं नाही."