लाखोळीचे हिरवे कोंब

सकाळी उठली की नॉर्मा घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडायची. इटलीतल्या मार्केच्या या डोंगराळ भागात सगळ्याच बायका उघडतात. रात्रीची शिळी हवा घरात राहिली तर माणूस आजारी पडतो, यावर गावाचा पाद्रीबाबांपेक्षा जास्त विश्वास. संशोधन संस्थेच्या तळघरात मात्र तिचं काम नेमकं उलटं होतं. एरवी गाव ज्या लाखोळीच्या डाळीचं सूप करतं, तिचे कोंब ती तिथे काळोखात वाढवायची. काळोखात ते पिवळट, लांबुडके येतात आणि त्यांत हवं ते एन्झाइम भरपूर असतं. उजेड लागला की ते हिरवे होतात आणि एन्झाइम ओसरतं.

उद्या त्या एन्झाइमची उंदरांवर चाचणी होती. आतड्याची रक्तवाहिनी चिमट्याने बंद करायची, मग सोडायची. रक्त थांबल्याने आतडं दुखावतंच, पण परतलेलं रक्त उरलेली कसर भरून काढतं: हिस्टामिन नावाचं दाहक रसायन सुटतं आणि आतडं सुजून जळतं. एन्झाइम ते हिस्टामिन मोडेल, अशी आशा.

नॉर्माला हे पुस्तकात वाचावं लागलं नव्हतं. गेल्या वर्षी तिच्या नवऱ्याच्या, एल्व्हियोच्या, हृदयातून सुटलेली गुठळी आतड्याच्या रक्तवाहिनीत अडकली. ती काढली, रक्त वाहू लागलं, सगळ्यांनी सुस्कारा सोडला, आणि मग निम्मं आतडं काळं पडलं, ते कापून टाकावं लागलं. “उशिरा आलं ते आलं, वर चिडून आलं,” एल्व्हियो रक्ताबद्दल पाहुण्याची तक्रार करावी तसं सांगायचा. त्याची नाडी अजून ठोके चुकवत होती. पुन्हा गुठळी आली तर कापायला फारसं काही उरलं नव्हतं.

आज सकाळी तळघरात बुरशीचा वास आला. नॉर्माचा हात आपोआप खिडकीकडे गेला. मग ती भांडी धुवायला गेली आणि उघडी खिडकी विसरली. परतली तेव्हा ऊन कोंबांवर निवांत पसरलं होतं.

तिने मूठभर कोंब वाटून रस रसायन घालून तपासला. गडद गुलाबी व्हायला हवा होता. झाला धुऊन विटलेल्या शर्टाइतका. गप्प बसता आलं असतं. बाटलीत सगळे रस सारखेच दिसतात. पण मग उंदीर मेले असते, औषध कुचकामी ठरलं असतं, आणि त्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नसतं.

ती जिना चढून वर डॉक्टर रुशेल्लीबाईंच्या खोलीत गेली.

“डॉक्टर, मी खिडकी उघडली.”

रुशेल्लीबाईंनी चष्मा काढला. “तळघरातली? अगं नॉर्मा!”

“कोंब हिरवे झालेत. पुन्हा बी भिजत घालते.”

“आणि सर्जनला काय सांगू? उंदरांचं ऑपरेशन करायला तो बोलोन्याहून निघाला असेल.”

“जेवल्याशिवाय निघायचा नाही तो.”

बाईंनी फोन उचलला. “माझ्या आईने बाबांना न्यूमोनिया झाला तेव्हाही खिडकी उघडली होती,” त्या नंबर लावता लावता पुटपुटल्या. बाबांचं पुढे काय झालं, हे विचारायचा नॉर्माला धीर झाला नाही.

घरी एल्व्हियो सूपचा वाडगा पुढ्यात घेऊन बसला होता.

“काय, वाचले का तुझे उंदीर?”

“पुढच्या महिन्यापर्यंत वाचले.”

“नशीबवान आहेत. आणि मी?”

तिने त्याचं मनगट धरलं. एक ठोका, दोन, मग नको तेवढी शांतता, मग पुन्हा एक.

“तूही तोवर कुठे जायचं नाहीस,” ती म्हणाली. मनगट तिने सोडलं नाही, म्हणून तो डाव्या हाताने सूप पिऊ लागला.