चुन्याच्या डबीतले बोळे

माझ्या खिडकीसमोर यंत्रमागांचा कारखाना आहे, आणि त्याच्या दाराशी आक्कांची चहाची टपरी. मागांच्या खडखडाटात शब्द पोचतच नाहीत, म्हणून तिथली माणसं हातांनी बोलतात. बाहेर आल्यावरही अंगठा ओठांकडे नेऊनच चहा मागतात. मला त्याची मोठी गंमत वाटायची. पाळी सुटल्यावरही त्यांच्या कानात तासन्‌तास शिट्टी वाजत राहते, हे मला उशिरा कळलं.

त्या कारखान्यातले बबनराव हल्ली कामावर कानांत रबरी बोळे घालतात. काल टपरीवर येऊन त्यांनी ते काढले आणि धुऊनपुसून ठेवलेल्या चुन्याच्या डबीत बंद केले.

"तंबाखू सुटली वाटतं?" मी विचारलं.

"काय करता, डबी एकच होती."

तेवढ्यात आक्का नेहमीसारख्या बबनरावांना ओरडून म्हणाल्या, "साखर कमी घालू काऽऽ?"

"हळू बोला की आक्का, ऐकू येतंय," बबनराव हलक्या आवाजात म्हणाले.

आक्का गाळणी हातात धरून बघतच राहिल्या. "अगंबाई! इतकी वर्षं चहा पिताय माझ्याकडे, तुमचा आवाज असा मऊ आहे होय?"

कान जपला की हरवलेला आवाजही सापडतो, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. बबनराव मात्र चक्क लाजले. त्यांनी आक्कांकडे बघून नुसती दोन बोटं वर केली: एक चहा मला, एक तुम्हाला.